दोरा बदलायला घेतला होता

लातूर
शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

चि. सृष्टीस अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, आपल्या कृषी केंद्राला यंदा बियाणं कंपनीचं बक्षीस लागलं आहे. सोयाबीनचं टार्गेट पुरं केलेल्या दुकानदारांना जोडीनं अंदमानची सहल आहे. लातूर-नांदेडची मिळून अठरा जोडपी आहेत. आम्ही दि. २५ ला हैदराबादहून विमानानं निघू. दि. २७ ते २९ तुझ्या हॅवलॉक बेटावर मुक्काम आहे. हॉटेलचं नाव व पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे.

तुझ्या अप्पांची प्रकृती बरी नसते. छातीत दुखतं. डॉक्टरांनी काळजी घ्यायला सांगितलं आहे. झालं गेलं विसरून त्यांना तुला एकदा डोळ्यांनी पाहायचं आहे. तरी हॉटेलवर येऊन भेटावं. येताना कपड्यांची एक पिशवी आणावी, म्हणजे दोन दिवस आमच्याजवळ राहता येईल. आधार कार्ड जवळ ठेवावं, हॉटेलवाले मागतात.

घरी सर्व कुशल. तुझ्यावर कोणीही रागावलेलं नाही.

तुझी आई
सौ. उमादेवी


लातूर
मंगळवार, ७ जानेवारी

सृष्टी,

शुक्रवारचं पत्र माझ्या अक्षरात आहे, पण माझं नाही. अप्पा समोर खुर्ची टाकून बसले होते आणि एकेक ओळ सांगत होते. 'कोणीही रागावलेलं नाही' ह्या ओळीला माझा हात थांबला तर म्हणाले, "लिही की. शाई संपली का?"

अप्पांची छाती धडधाकट आहे. परवाच खताच्या गाडीतून स्वतः पोती उतरवून घेतली. आधार कार्ड हॉटेलसाठी नाही, विमानासाठी आहे.

मला हे कसं कळलं ते सांगते. घरातले सगळे कागद माझ्याकडे असतात हे तुला ठाऊकच आहे. लाइट बिल असो, गॅसची पावती असो, मी तारखेनं वहीला टाचून ठेवते. रविवारी सहलीचे कागद लावायला घेतले. जाताना दोन नावं, येताना तीन. कंपनी जोडप्याचंच देते. तिसरं तिकीट अप्पांनी पदरचं काढलं आहे आणि त्यावर तुझं नाव आहे.

मी विचारलं, "अहो, हे तिसरं कोणाचं?"

"वाचता येतं ना तुला? मॅट्रिक पास हायस."

"ती येते म्हणाली का?"

"तिला काय विचारायचंय? बाप आजारी हाय म्हटल्यावर विमानात बसल का न्हाई? बसल. एकदा लातुरात आली की मग बघू."

काय बघायचं तेही ठरलेलं आहे. फेब्रुवारीत उदगीरच्या स्वामींच्या हातून तुझ्या गळ्यात नवं इष्टलिंग घालायचं, समाजाला जेवण द्यायचं, म्हणजे तू परत आपल्यात आलीस. त्यानंतर नांदेडच्या डाळमिलवाल्यांचा मल्लेश. तो अजून बिनलग्नाचा आहे. त्या लोकांना शब्द देऊन झाला आहे.

तुझ्या खोलीला अप्पांनी बाहेरून बसवलेली कडी अजून तिथंच आहे. खोलीत आता बियाण्याचे रिकामे बॉक्स असतात. बॉक्सला कडी कशाला लागते, हे मी चार वर्षांत विचारलेलं नाही.

तुझा पत्ता अप्पांना मीच दिला. मामाच्या शिवांशला तू राखी पाठवतेस त्या पाकिटावरचा मी वहीच्या पुठ्ठ्यात उतरवून ठेवला होता. अप्पा म्हणाले, "लेकीला बघावं वाटायलंय." त्यांचा आवाज असा काही झाला की मी वही आणून समोर ठेवली. मला खरंच वाटलं. अजूनही कधीकधी वाटतं की बघावं वाटत असेल, पण बघण्याची त्यांना ही एकच रीत येते.

तर हॉटेलवर येऊ नकोस. त्या तीन दिवसांत आमच्या रस्त्यालाही येऊ नकोस. मी चार वर्षं तुला पाहिलेलं नाही आणि माझ्या हातानं हे लिहिते आहे, तेव्हा समजून घे.

फोन का करत नाही म्हणशील, तर माझ्या फोनवरून कोणाला किती वेळ बोलले ते अप्पा पाहतात. मोठ्या पोस्टात त्यांच्या ओळखीचे लोक आहेत. म्हणून भाजीच्या पिशवीत हे पाकीट घालून स्टेशनाकडच्या पेटीत टाकायला चालले आहे. शुक्रवारचं पत्र चार दिवस पुढं गेलं आहे. ते आधी पोचेल की हे, ते शंकराच्या हाती.

लिंगाबद्दल लोक इथं तुझ्याविषयी काय बोलतात ते तुला कदाचित माहीत नसेल. त्याबद्दल मला लिहायचं होतं. पण भाजीला उशीर होतो आहे.

आई


हॅवलॉक
सोमवार, २७ जानेवारी

सृष्टी,

तुझ्याच बेटावर बसून तुला पत्र लिहिते आहे. इथलं पोस्ट कुठं आहे ते मला माहीत नाही आणि विचारायला बाहेर पडता येत नाही. खोलीची किल्ली म्हणजे एक कार्ड आहे आणि ते अप्पांच्या खिशात आहे. एकदा बाहेर पडून दार लागलं की आत यायला त्यांना सांगावं लागतं. म्हणून सकाळपासून गॅलरीत बसून आहे. समोर तुझा समुद्र आहे. एवढं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. आपल्याकडे आठ दिवसांनी नळाला पाणी येतं तेव्हा मी घागरीसुद्धा भरून ठेवते. इथं बघून बघून डोळे दुखायला लागले.

अप्पा नऊ वाजल्यापासून खाली दारासमोरच्या सोफ्यावर आहेत. बाकीची मंडळी बोटीनं कुठला किनारा पाहायला गेली. आम्ही गेलो नाही. अप्पांनी सगळ्यांना छातीत दुखतं म्हणून सांगून ठेवलं आहे, त्यामुळं जाताना जो तो डीलर त्यांना गोळ्या देऊन गेला. काचेचं दार उघडलं की ते छातीवर हात ठेवतात. कोणी परकी बाई निघाली की हात खाली घेतात. मी धपाट्याचा डबा द्यायला गेले तेव्हा हे तीनदा झालं. आमचं लग्न होऊन एकतीस वर्षं झाली. मला हसू यावं की रडू यावं कळेना.

आज सोमवार. उपास आहे. सकाळी पूजेला बसले आणि मागणं मागितलं की माझी लेक आज मला दिसू नये. कोणत्या आईनं असं मागितलं असेल?

इथं माझ्याशी बोलायला हसीनाभाभी आहेत. कंधारच्या करीमशेठच्या घरच्या. विमानात माझ्या शेजारी होत्या. मी डबा उघडला तर म्हणाल्या, "अगे माँ, भाभी, पाँच दिन के धपाटे? कंपनी खाना देती ना!" मी म्हटलं, कंपनीच्या भांड्याला मासे लागलेले असतात. तर त्या हसल्या, "और तुम्हारी बेटी तो मच्छी का कालेज करी बोलते." त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. उदगीरच्या मत्स्य कॉलेजात तुझा नंबर लागला तेव्हा आपल्या घरात दोन दिवस चूल पेटवायलाच कोणाचा जीव झाला नव्हता, ते आठवलं. मी म्हटलं, हो, करी. त्यांनी दोन धपाटे मागून घेतले.

पोर्ट ब्लेअरला दुपारी त्या माझ्या खोलीत आल्या होत्या. मी नुकतीच नाहून आले होते. म्हणाल्या, "भाभी, गले में ये दो-दो डिब्बियाँ काइकू?" मी सांगितलं, आम्हा लिंगायतांत देव गळ्यात असतो. लहानपणी स्वामी घालतात, मग अंगावरून उतरवायचा नाही. माणूस मेलं तरी त्याच्याबरोबरच मातीत जातो.

"हौ, वो तो मालूम. पर दो?"

मी म्हटलं, एक घरातलं आहे. खोटं नव्हतं. पण चार वर्षं मी अशीच खोटं नसलेली वाक्यं बोलत आले आहे, आणि आता मला त्यांचा कंटाळा आला आहे.

तू खोलीत होतीस ते नऊ दिवस मी रोज सकाळी कडी काढायची, तुला पूजेचं पाणी आणि भस्म द्यायची, परत कडी घालायची. नवव्या दिवशी तुझ्या लिंगाचा दोरा विरलेला दिसला. मी म्हणाले, दे, दोरा बदलून आणते. तू गळ्यातून डबी काढून माझ्या हातावर ठेवलीस. बाहेरून कडी घालणाऱ्या बाईवर तू एवढा भरवसा ठेवलास. मी ती डबी देव्हाऱ्यामागं लपवली. वाटलं, लिंग अंगावर नाही म्हटल्यावर पोर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही. ह्याची मला इतकी खात्री होती की त्या दिवशी मी कडी घातलीच नाही. कडीच्या त्या आवाजातून सुटले, असं वाटून ओट्याशी भाकरी थापायला गेले. भाकरी होईतो तू गेली होतीस.

अप्पा उमरीच्या लग्नाहून आले आणि विचारलं, "तिचं लिंग?" मी देव्हाऱ्यामागून काढून दिलं आणि म्हणाले, खिडकीत सापडलं. एवढंच म्हणाले. तू टाकलंस असं मी म्हणाले नाही. अप्पांनी तुझ्या नावानं डोक्यावरून पाणी घेतलं, मठात उभं राहून दोनशे माणसांत सांगितलं की माझी मुलगी लिंग टाकून गेली, ती आम्हाला मेली. मी बायकांत बसले होते. महिला मंडळाची हिशोबाची वही मांडीवर होती. मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर कडी आणि डबी दोन्ही बाहेर आली असती.

तेव्हापासून मी रोज दोन लिंगांची पूजा करते. दर शिवरात्रीला दोन दोरे बदलते. अप्पांना वाटतं, ते कपाटात आहे.

तू नोकरीसाठी गेलीस, लग्न नको म्हणून गेलीस, हे लोक आज ना उद्या विसरले असते. देव टाकून गेली हे कोणी विसरत नाही. आणि ते माझ्यामुळं आहे. तुझं तुला परत करायचं म्हणून मी इथं आणलं आहे, आणि तू येऊ नकोस असंही मीच लिहिलं आहे. आता सांग मी काय करू?

उद्या कंपनीतर्फे पाण्याखाली उतरायचा कार्यक्रम आहे. बायकांनी सगळ्यांनी नाही म्हटलं. अप्पांना जायचंच नाही, ते सोफा सोडणार नाहीत. मी नाव दिलं. अप्पा म्हणाले, "तुला विहिरीची भीती वाटती, अन् समुद्रात?" मी म्हटलं, फुकट आहे, वाया कामून घालवायचं? हे कारण त्यांना लगेच पटलं.

तू ज्या पाण्यात रोज असतेस ते एकदा आतून पाहावं, एवढंच माझ्या मनात आहे.

आई


लातूर
सोमवार, १० फेब्रुवारी

चि. सृष्टी,

सुखरूप पोचलो. सत्तावीस तारखेचं पत्र ह्याच पाकिटात आहे. ते आधी वाच.

तू तिथं होतीसच, तरी त्या दिवसाचं लिहिते, कारण काचेमागून तुला माझे नुसते डोळे दिसत होते.

आम्ही नऊजण किनाऱ्यावर गेलो. सात पुरुष आणि मी, असं होणार होतं. ऐन वेळी हसीनाभाभी आल्या. करीमशेठ म्हणाले, "तू काइकू?" त्या म्हणाल्या, "भाभी अकेली जाती क्या मरदों में? और फुकट का है, तुमच बोले थे." त्यांना तो काळा रबरी सूट चढवताना दोन मुली थकल्या. "पीछे से कौन ढकेलता, बोलो ना!" म्हणून ओरडत होत्या. सगळा किनारा हसत होता. मी हसत नव्हते, कारण नारळाच्या झाडांतून तू येताना दिसली होतीस.

अंगात काळा सूट, डोक्याला टोपडं, कपाळावर काच. तोंड नीट दिसत नव्हतं. पण उजवं पाऊल बाहेर टाकत चालणं तुझ्या अप्पांचं आहे. अप्पा तिथं असते तर त्यांनीही ओळखलं असतं. ते त्या वेळी हॉटेलात बसून तुझीच वाट पाहत होते.

मला वाटलं, आता पळावं. माझ्या डाव्या-उजव्या बाजूला लातूरचे दोन दुकानदार उभे होते. त्यांच्यातला एक मठात असतो. तू सरळ माझ्यापाशी आलीस, हातात मी भरलेला फॉर्म होता. काही झालं तर कोणाला कळवायचं, ह्या रकान्यात मी तुझं नाव घातलं होतं. का घातलं मलाच माहीत नाही. दुसरं सुचलंच नाही. तू ते वाचलंस आणि म्हणालीस, "आंटी, पहले कभी पानी में गए हो?"

आंटी. मी नाही म्हणून मान हलवली.

सूट घालायच्या खोलीत तुझ्याबरोबर काम करणारी ती दुसरी मुलगी म्हणाली, गले का सब निकालो. मी दोन्ही मुठींनी धरून ठेवलं. तू बाहेरून म्हणालीस, "रहने दे. इनका नहीं निकलता. सूट के अंदर रहेगा." मग तू स्वतः आलीस आणि पाठीमागची चेन वर ओढलीस. मानेपाशी तुझा हात थांबला. दोन दोरे दिसले असणार. मग तू चेन लावलीस.

आता पाण्यातलं. तोंडात ती नळी धरून नुसत्या तोंडानं श्वास घ्यायचा, नाक बंद. तू उथळ पाण्यात दहा वेळा शिकवलंस. खाली गेल्यावर अंगठा वर केला म्हणजे मला वर जायचं, एवढं तू तीनतीनदा घोकून घेतलंस. मग खाली गेलो. डोक्यावरून पाणी मिटलं आणि माझ्या छातीत काहीतरी बंद झालं. चारी बाजूंनी भिंत. ओरडावं तर तोंडात नळी. आवाज फक्त माझ्याच श्वासाचा, कोणीतरी दार घासतंय असा. मी अंगठा वर केला.

आणि तू लगेच मला वर आणलंस.

थांब म्हणाली नाहीस. एवढ्याशाला काय घाबरायचं म्हणाली नाहीस. काही विचारलंच नाहीस. मी अंगठा वर केला आणि मला वर आभाळ दिसलं. सृष्टी, तू नऊ दिवस आतून दार वाजवलंस. मी बाहेर ज्वारी निवडत बसायची आणि तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून रेडिओ लावायची. पाण्याच्या वर माझं तोंड आलं तेव्हा मला ते आठवलं. माझ्या काचेत खारं पाणी शिरलं असं तू समजलीस आणि काच काढून झटकलीस. ते बाहेरून शिरलेलं नव्हतं.

मग मीच बोटानं खाली दाखवलं. पुन्हा.

दुसऱ्यांदा तू माझे दोन्ही हात धरलेस आणि सोडले नाहीस. ह्या वेळी मला दिसलं. मी माशांना कधी जिवंत असं पाहिलंच नव्हतं. मासा म्हटलं की मला बाजारातली ती गल्ली, जिथून आपण नाकाला पदर लावून जायचो. इथं हळदीच्या रंगाचे, कुंकवाच्या रंगाचे, चाषपक्ष्यासारखे निळे. एक निळा-हिरवा जाडजूड मासा दगड खात होता आणि त्याचा कुडुमकुडुम आवाज मला ऐकू येत होता, कोणी कडक भाकरी मोडून खावी तसा. मऊ झुलपांच्या एका झुडपात नारिंगी चिमुकले मासे घर करून होते. मी बोट जवळ नेलं तर त्यातला बोटाएवढा पुढं येऊन माझ्यावर धावला. तुला हसताना मी पाहिलं. तुझ्या तोंडातून बुडबुडेच बुडबुडे निघाले.

आणि ते कासव. आपल्या सिद्धेश्वराच्या गाभाऱ्यापुढं दगडाचं आहे, लहानपणापासून मी त्याला हात लावून आत जाते. हे जिवंत होतं, परातीएवढं. शेजारून गेलं, एक म्हाताऱ्यासारखा डोळा माझ्याकडे केला आणि गेलं. मी पाण्यातच हात जोडले. तू माझा दंड धरून ठेवलास म्हणून, नाहीतर मी उलटी झाले असते. तुझ्या नोकरीला मी चार वर्षं 'माशाचं काम' म्हणत आले. पुन्हा म्हणणार नाही.

खाली असतानाच मला डबी काढून तुझ्या हातात द्यायची होती. चेन पाठीमागं. हात पोचेना. जन्मभर गळ्यात वागवलेली वस्तू माझी मलाच काढता येईना.

मग आपण कमरेएवढ्या पाण्यात येऊन उभ्या राहिलो. बाकीचे अजून पाण्याखाली होते. किनाऱ्यावर करीमशेठ मोबाइल उन्हात धरून हसीनाभाभी कधी वर येतात ते बघत होते. तू माझ्यामागं येऊन चेन खाली ओढलीस. मी डबी काढली. तू खाली ओंजळ धरलीस, पडली तर समुद्रात जाऊ नये म्हणून. मला म्हणायचं होतं की मी चुकले.  चार वर्षांनी तू माझ्याशी आपल्या भाषेत पहिलं वाक्य बोललीस:

"झाला का दोरा बदलून?"

मी म्हणाले, "झाला."

तू पाठ केलीस, टोपडं मागं सारलंस. केस किती बारीक कापलेस गं. मी गाठ मारली. तू डबी सुटाच्या आत घातलीस. मग म्हणालीस, "दुसरं पत्र आधी मिळालं. पहिलं शनिवारी आलं, त्यात हॉटेल कळलं. आजचं काम मी मागून घेतलं." आणि तेवढ्यात हसीनाभाभी "या अल्ला" करत वर आल्या. तू टोपडं ओढून घेतलंस आणि त्यांच्याकडे गेलीस. मला जाताना म्हणालीस, "आंटी, पानी पीना बहुत सारा." त्या आंटीचा मला राग आला नाही.

भाभी परतताना गाडीत माझ्या कानाशी म्हणाल्या, "लड़की अच्छी है. चाल बिलकुल भाईसाब की." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. आजपर्यंत त्यांनी कोणाजवळ काढलेलं नाही.

आता पुढचं. विमानात आमच्या तीन खुर्च्या होत्या. मी खिडकीशी, अप्पा वाटेवर, मधली तुझी. अप्पांनी त्या खुर्चीचा पट्टा आपल्या हातानं लावून ठेवला, रिकाम्या खुर्चीचा. ते बघून माझ्यानं राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. डबी, देव्हारा, खिडकी. तुला भेटले तेही. अप्पांनी समोरच्या खुर्चीच्या पाठीला दोन्ही हात टेकले. मग म्हणाले, "मठात मी उभा राहून सांगितलं, उमा. दोनशे माणसांत."

"हाव."

"बापानं पोरीवर खोटा आळ घेतला."

"तुमाला ठाऊक नव्हतं. मी घ्यायला लावला."

त्यानंतर हैदराबाद ते लातूर एक शब्द नाही. घरी आल्यावरही नाही. माझ्या हातचं जेवत नाहीत, दुकानावर डबा मागवतात. माझा फोन त्यांच्या कपाटात आहे. मी तुझ्या खोलीतले बॉक्स एका बाजूला सारून तिथं अंथरूण टाकलं आहे. बाहेर कडी आणि आत मी. कधी घालतील ह्याचा नेम नाही, असं रोज वाटायचं.

गेल्या सोमवारी मठात भजन झाल्यावर मी उभी राहिले. म्हणाले, माझ्या मुलीनं लिंग टाकलं नव्हतं, मी फसवून काढून घेतलं होतं, ते मी तिला परत घातलं आहे, आणि ह्यांना यातलं काही माहीत नव्हतं. पार्वतम्मा, ज्या तुझ्या नावानं सगळ्यात मोठ्यानं बोलायच्या, म्हणाल्या, "अगं बाई, लेकीचा देव चोरला? अन् तुझ्याकडं आम्ही पैशाची वही दिली?" मी वही त्यांच्या पुढ्यात ठेवली. अकरा वर्षांची होती, एका पैचा फरक नाही. कोणी माझ्याशेजारून उठलं, कोणी बसून राहिलं. तुझ्यावरचं मात्र उतरलं. तेवढंच पाहिजे होतं.

नांदेडच्या लोकांना अप्पांनी काय कळवलं ते मला माहीत नाही. पण उदगीरच्या स्वामींची ठरलेली तारीख काल निघून गेली आणि कोणी काही बोललं नाही.

यंदा शिवरात्र सव्वीस तारखेला आहे. तुझ्यासाठी नवा दोरा पाकिटात घालते आहे. गाठ मारायला त्या दुसऱ्या मुलीला सांग.

इथवर लिहून झालं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. अप्पा ह्या वेळी घरी येत नाहीत. आज पावलं वाजली. दारापर्यंत आली, थांबली. मग कडीला हात लागल्याचा आवाज झाला. तो आवाज मी कुठंही ओळखेन. मी पेन खाली ठेवलं. तू शिकवलंस तसा तोंडानं सावकाश श्वास घेतला, सोडला. अंगठा वर करायला कोणी समोर नव्हतं. लोखंडाचा किरकिर आवाज येतच राहिला. कडी घालायला एवढा वेळ लागत नाही, हे माझ्या ध्यानात यायला थोडा उशीर झाला.

मग काहीतरी जड फरशीवर पडलं. मी दार उघडलं. अप्पा उकिडवे बसून चार स्क्रू गोळा करत होते, दुकानातला स्क्रूड्रायव्हर जवळ पडलेला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "गंजली होती."

लातुरात लोखंड गंजायला पाणी कुठं आहे?  भाकरी टाकायला उठते आहे. आज दोघांच्या टाकते.

तुझी
आई